गाडीला घरी रंग देताय? आधी डबा नीट निवडा

व्हिडिओत गन कशी धरायची ते दाखवलंय. पण बऱ्याचदा काम त्याच्या आधीच, दुकानाच्या काउंटरवर बिघडलेलं असतं. म्हणून हा लेख.

माझाच किस्सा सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला माल पोचवायला एक जुनी ओम्नी घेतली होती. गाडी कळकट दिसली की गिऱ्हाईक भाव पाडतं, म्हणून रंग द्यायचं ठरवलं. आठ दिवस पॉलिश पेपर घासला आणि रंग मात्र सुटा, लेबल नसलेला आणला. "सगळं सारखंच असतं हो," असं दुकानदार म्हणाला, मीही मान डोलावली. दिवाळीत गाडी चमकली. उन्हाळा सरेपर्यंत बॉनेटवर हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागायची, आणि पेट्रोलच्या झाकणाखाली ओघळाचा पट्टा पडला होता. वाचवले काही शे रुपये, आणि आठ दिवसांची मेहनत मातीत. आणि म्हणे मी लोकांना कॉस्टिंग शिकवतो!

दुकानात मुख्यतः दोन जातींचे रंग मिळतात. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, हा नुसता थिनर उडून वाळतो. स्वस्त, पटकन होणारा, चूक झाली तर सुधारायला सोपा. पण थिनर लागला की पुन्हा विरघळतो, पेट्रोल सांडलं तरी खराब होतो, उन्हात लवकर निस्तेज होतो. दुसरा टूके पीयू. यात हार्डनर मिसळावा लागतो आणि रासायनिक क्रियेने थर पक्का होतो. रोज उन्हात उभी राहणारी धंद्याची गाडी असेल तर पीयूच घ्या. पहिल्यांदाच करत असाल तर साधा सॉलिड रंग निवडा. मेटॅलिकमध्ये हात जरा हलला की पट्टे दिसतात.

आधी जुना रंग तपासा. फडक्याला थिनर लावून कोपऱ्यात घासा. रंग फडक्यावर उतरला तर खाली एनसी आहे. त्यावर थेट पीयू मारला तर खालचा थर उचलून सुरकुत्या पडू शकतात, तो खरवडूनच काढलेला बरा.

ब्रँड कुठला, हा प्रश्न हमखास येतो. एशियन पीपीजी घ्या, नेरोलॅक घ्या, माझी हरकत नाही. पण प्रायमर, रंग, क्लिअर, हार्डनर, थिनर सगळं एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतलं हवं. एकाचा रंग आणि दुसऱ्याचा हार्डनर, ही खिचडी नको. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर किंवा माहितीपत्रकात असतं, तेच पाळा. वाळत नाही म्हणून हार्डनर जास्त ओतू नका.

थिनरकडे तर कुणी बघतच नाही! तो हवामानाप्रमाणे फास्ट आणि स्लो असा मिळतो. आपल्या सुप्यात एप्रिल-मेच्या उन्हात फास्ट थिनर वापरला तर थेंब पत्र्यावर पसरायच्या आधीच सुकतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर बसतो. तेव्हा स्लो घ्या. आणि वाऱ्याचं काय सांगायचं, कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाही बसवल्या! उघड्यावर मारलेल्या ओल्या रंगावर धूळ बसणारच.

हार्डनर हवेतला ओलावा ओढतो. लागेल तेवढाच लहान पॅक घ्या, झाकण लगेच घट्ट लावा. गढूळ किंवा घट्ट झालेला हार्डनर फेकायचा, पैसे गेले तरी.

शेडसाठी गाडीच्या पट्टीवरचा कोड पाहा. मारुतीचा सुपीरियर व्हाइट २६यू, सिल्की सिल्व्हर झेड२एस. पण जुना रंग उडालेला असतो, म्हणून पेट्रोलचं झाकण काढून सोबत न्या, नमुना पत्र्यावर मारायला लावा आणि वाळल्यावर दुकानाबाहेर उजेडात जुळवा. रंगच बदलणार असाल तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करावी लागते.

आता एक गोष्ट, ज्यात मी तडजोड करत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि रुमाल किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पुट्टी, घासकाम, मास्किंग घरी करा, फवारणी मात्र बूथ असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्या. मेहनतीचा मोठा भाग घासकामातच असतो, तो खर्च तसाही वाचतो. डबे मात्र आपले आपण घेऊन जा, आणि सील आपल्यासमोर फोडायला सांगा.