दोन मिनिटांत पन्नास वर्षे

प्रश्न : मी १९७५ साली दहावी झालो. आता वर्गाचा स्नेहमेळावा आहे. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचंय. बाकीचे डॉक्टर, इंजिनिअर. गिरणी बंद पडल्यावर मी किराणा दुकान चालवलं. काय सांगू?

उत्तर : तुमची बॅच नव्या आकृतिबंधातली पहिली दहावी. त्याच वर्षी जुनी अकरावीही परीक्षेला बसली होती. सुरुवात तिथूनच करा. सगळे एका बाकावर येतील. मग हुद्दे, फ्लॅट, मुलांचे पगार यांची यादी नको. एकच प्रसंग सांगा : दुकान उघडल्याचा पहिला दिवस. गिरणी बंद पडली हे लपवू नका. ती तुमची चूक नव्हती. खाली बसलात की शेजारच्याला विचारा, ‘तुझं कसं चाललंय?’ आणि उत्तर पूर्ण ऐका.