प्रोव्हान्स प्रांतांतील खेड्यांचा नाताळ

शास्त्रपाठ : लूक २:१-२०.

ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला म्हणजे खेड्यांतील मंडळ्यांमध्यें एक प्रश्न हटकून निघतो. शहरांतल्यासारखा केक नाहीं, नवें लुगडें घेण्यास पैसा नाहीं, तर आमचा नाताळ तो कसला? कित्येक घरीं ह्यापायीं सावकाराचें दार ठोठावण्याची पाळी येते. म्हणून ह्या पाठांत आम्ही वाचकांस फ्रान्स देशाच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतांत नेणार आहों. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटी पूर्वीं ज्या मार्सेय बंदरास लागत, तें ह्याच प्रांतांत आहे. तेथील शेतकरी, मेंढपाळ व मातीकाम करणारे यांनीं आपल्या शेतांतल्या व घरांतल्या वस्तूंनींच हा सण उभा केला आहे.

तेथें सणाचा आरंभ ४ डिसेंबरास होतो. तो दिवस संत बार्बारा हिच्या स्मरणाचा. त्या दिवशीं तीन बशांत ओला कापूस पसरून त्यावर गहूं पेरितात. कोठें कोठें मसूरहि पेरितात. तीन बशा ही त्रैक्याची खूण, असें सांगतात. नाताळापर्यंत अंकुर हिरवेगार वाढतात. हें वाचून आमच्या वाचकांस नवरात्रांतील घटाच्या धान्याची आठवण होईल, आणि "हें तर आम्ही सोडून आलों!" असेंहि कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, गव्हाचें उगवणें हें कोणा देवीच्या मालकीचें नाहीं. उगवण देणारा एकच आहे. परंतु अंकुर सरळ व दाट आले तर वर्ष भरभराटीचें जाईल, असा जो शकुन तेथील लोक पाहत आले, तो मात्र आम्हांस मान्य नाहीं. धान्य देवाच्या दानाची आठवण म्हणून ठेवावें. त्याचें पंचांग करूं नये.

२४ तारखेच्या सायंकाळीं सारें कुटुंब एकत्र जमतें. फळझाडाचा एक ओंडका, बहुधा नासपतीचा, चेरीचा किंवा ऑलिव्हचा, घरांतील सर्वांत वडील मनुष्य व सर्वांत लहान मूल हे दोघे मिळून उचलतात आणि मेजाभोंवतीं तीनदां फिरवितात. मग वडील त्यावर द्राक्षारस ओततो व तो चुलींत पेटवितात. (द्राक्षारसाची गोष्ट वाचून आमच्या दारूबंदीच्या शपथकर्त्यांनीं दचकूं नये, तो लांकडास पाजितात. कांहीं पेलाभर उरतो, हें खरें.) ही चाल पुष्कळ जुनी आहे. तिचें मूळ कोठलेंहि असो, आजोबा व नातू यांनीं एकच ओझें दोन टोंकांस धरावें, हें आम्हांस फार आवडतें.

त्यानंतर जें भोजन होतें त्यास मोठें जेवण म्हणतात, पण त्यांत मांस नसतें. मासे, भाज्या व भाकरी एवढेंच. मेजावर एकावर एक तीन पांढऱ्या चादरी घालतात, तीन मेणबत्त्या लावितात, हिरव्या अंकुरांच्या बशा मध्यें ठेवितात. आणि एक जागा मोकळी ठेवितात. ती गरिबाची जागा. कोणी वाटसरू दारीं आला तर त्यास तेथें बसवावें, असा तिचा अर्थ.

मध्यरात्रीच्या उपासनेहून परतल्यावर तेरा प्रकारचा गोड खाऊ मांडतात, प्रभु व त्याचे बारा शिष्य मिळून तेरा. खाऊ म्हणजे काय? मनुका, सुके अंजीर, बदाम, अक्रोड, खजूर, साठवणीचें खरबूज, संत्रीं, मध व बदाम यांची काळी व पांढरी वडी, आणि ऑलिव्ह तेलाची एक गोड भाकरी, जी सुरीनें न कापितां हातानें मोडतात. बहुतेक सर्व आपल्या मळ्यांतलें व कोठारांतलें. तेराचा आंकडा फार पुरातन आहे असें मानूं नये. तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रूढ झाला. त्यापूर्वीं घरांत जितकें असे तितकें मांडीत.

आतां ह्या सणांतील सर्वांत नांवाजलेल्या वस्तूकडे वळूं. ह्या चाली मुख्यत्वें रोमन काथलिक घरांतल्या आहेत. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंस त्याच देशांत १६८५ पासून राज्यक्रांतीपर्यंत उघड उपासनेची मोकळीक नव्हती. ते रानांत व डोंगरांत लपून प्रार्थना करीत. पुढें १७८९ ची राज्यक्रांति झाली आणि थोड्याच वर्षांत काथलिकांचींहि देवळें बंद पडलीं. देवळांतील गव्हाणीचा देखावा दिसेनासा झाला, तेव्हां लोकांनीं तो घरांत मांडिला. मार्सेयच्या झां-लुई लान्येल (१७६४–१८२२) ह्या कारागिरानें सांचे करून मातीच्या लहान, स्वस्त बाहुल्या काढिल्या. त्यांस 'सांतों' म्हणजे छोटे संत म्हणतात. १८०३ पासून मार्सेयास त्यांचा बाजार भरूं लागला, तो आजहि दरवर्षीं भरतो.

ह्या बाहुल्यांत बाळ येशू, मरीया, योसेफ व मेंढपाळ आहेतच. पण त्यांच्यामागें सारें खेडें येतें : गाढवावर पिठाचें पोतें घेतलेला चक्कीवाला, कात्र्यांस धार लावणारा, कोळीण, धोबीण, भाकरी भाजणारा, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा आंधळा. प्रत्येकाच्या हातांत त्याच्या धंद्याची भेट असते. एकाच्या हातांत मात्र कांहींच नसतें. त्याचें नांव 'रावी', म्हणजे आनंदानें भारावलेला. गांवांतला हा भोळा मनुष्य दोन्ही हात वर करून नुसता उभा असतो. त्यास कोणी गव्हाणीजवळून हांकलीत नाहीं.

ह्या मूर्ति नव्हेत काय, असें नवा विश्वासी विचारील, आणि विचारणें योग्यच आहे. मातीच्या बाहुलीपुढें दिवा लावून नवस बोलूं लागलों तर ती मूर्ति झाली. मुलांस गोष्ट दाखविण्यापुरती मांडिली तर तें चित्र होय. ज्या मंडळींत अजून ही रेघ स्पष्ट झाली नाहीं, तेथें उपदेशकानें बाहुल्यांऐवजीं मुलांसच उभें करावें. त्याच प्रांतांत ले बो नांवाच्या डोंगरावरील गांवीं जिवंत माणसांचीच चाल आहे. नाताळच्या रात्रीं मेंढपाळ एक नवजात कोंकरूं, दिव्यांनीं सजविलेल्या लहान गाड्यांत घालून, देवळांत आणितात. गाडा मेंढा ओढतो. कळपाचें पहिलें फळ म्हणून तें कोंकरूं वेदीपुढें आणिलें जातें.

सण एका दिवसांत आटपत नाहीं. तेरा प्रकारचा खाऊ २७ तारखेपर्यंत मेजावर राहतो. ६ जानेवारीस पूर्वेकडील मागी लोकांच्या बाहुल्या गव्हाणीशीं आणून ठेवितात. २ फेब्रुवारीस सर्व बाहुल्या कागदांत गुंडाळून पेटींत जातात. गव्हाचे अंकुर मात्र कित्येक शेतकरी त्यापूर्वींच नेऊन शेतांत लावितात.