मोटारीचा साज आणि भौतिकशास्त्र



नवी सायकल घरी आली की आपण काय करतो? हँडलला रंगीत मुठी बसवतो, चाकांच्या आऱ्यांत मणी अडकवतो, सीटला झालरीचे कव्हर घालतो. सायकल पूर्वीइतकीच चालते, पण आता ती 'आपली' वाटते. मोटारीच्या मालकांनाही हाच छंद असतो, आणि मोटार जर शर्यतीच्या धर्तीची, म्हणजे स्पोर्ट्स कार असेल तर विचारायलाच नको!

अशीच एक मोटार आज आपण पाहू. जपानच्या माझ्दा कंपनीने फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील शिकागो येथील मोटार प्रदर्शनात एमएक्स-५ ही गाडी लोकांपुढे आणली. अमेरिकेत तिला 'मियाता' म्हणतात. दोनच आसने, मागे दुमडता येणारे कापडी छप्पर, १.६ लिटरचे इंजिन आणि साधारण ९५० किलोग्रॅम वस्तुमान. ही गाडी इतकी लोकप्रिय झाली की एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. आपल्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसते. परंतु जगभर तिचे मालक चाके, स्टिअरिंग, गिअरची मूठ, डॅशबोर्डवरील आवरण अशा लहानसहान गोष्टी बदलून तिला आपल्या आवडीप्रमाणे नटवत असतात.

"हे तर नुसते शोभेचे काम, त्यात विज्ञान कोठून आले?" असे तुम्ही म्हणाल. चला, एकेक वस्तू तपासून पाहू.

चाके : मोठी की हलकी?

सर्वांत आधी बदलली जातात ती चाके. या गाडीच्या मूळ टायरवर १८५/६० आर १४ असे लिहिलेले असे. त्याचा अर्थ असा : टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि आतील धातूच्या चाकाचा व्यास १४ इंच. आता संपूर्ण चाकाचा व्यास काढू.

भिंतीची उंची = १८५ × ०.६० = १११ मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून २२२ मिमी. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. एकूण व्यास ५७७.६ मिमी.

समजा, मालकाला १५ इंची चाके हवी आहेत. त्याने फक्त चाक बदलले आणि टायरचे बाकीचे आकडे तेच ठेवले, तर व्यास होईल ३८१ + २२२ = ६०३ मिमी, म्हणजे सुमारे ४.४ टक्के जास्त. गाडीचा वेगदर्शक चाकाचे फेरे मोजून वेग दाखवतो. चाक मोठे झाले हे त्या बिचाऱ्याला कसे कळणार? तो ताशी ६० किलोमीटर दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी ६२.६ किलोमीटर वेगाने धावत असेल.

जाणकार मालक म्हणूनच १९५/५० आर १५ हा टायर निवडतात. त्याचा व्यास तुम्हीच काढा. उत्तर ५७६ मिमी येईल. मूळ व्यासापेक्षा दोन मिलिमीटरनेही कमी नाही! चाक मोठे दिसते, आणि वेगदर्शकही जवळजवळ खरे बोलतो.

आता वस्तुमानाचा विचार करू. गाडी v वेगाने जात असता चाकाच्या कडेवरील प्रत्येक कण आसाभोवतीही v वेगानेच फिरत असतो. म्हणून कडेवरील m वस्तुमानाला पुढे जाण्यासाठी ½mv² आणि फिरण्यासाठी आणखी ½mv² इतकी गतिज ऊर्जा द्यावी लागते. एकूण झाली mv². याचा अर्थ असा, की वेग वाढवताना चाकाच्या कडेवरचा एक किलोग्रॅम हा गाडीत ठेवलेल्या दोन किलोग्रॅमइतका भारी पडतो. मधल्या भागातील वस्तुमानाचा परिणाम याहून कमी असतो. फिरणाऱ्या वस्तूचे वस्तुमान आसापासून किती दूर आहे, यावर अवलंबून असणाऱ्या या राशीला निरूढी परिबल म्हणतात.

नव्या चाकांच्या कडेला प्रत्येकी दोन किलोग्रॅम वाढले असे धरू. चार चाकांचे आठ किलोग्रॅम, आणि परिणाम सोळा किलोग्रॅमचा. ९५० किलोग्रॅमच्या गाडीत हे पावणेदोन टक्क्यांहूनही कमी आहे, म्हणून वेगावर फारसा फरक जाणवणार नाही. खरी अडचण निराळीच आहे. चाक खड्ड्यावरून जाते तेव्हा स्प्रिंगला ते ताबडतोब खाली, रस्त्यावर दाबून धरावे लागते. चाक जड झाले की तेवढ्याच बलाने त्याला मिळणारे त्वरण कमी होते. न्यूटनचा दुसरा नियमच तसा आहे. मग चाक क्षणभर रस्त्यावर नीट टेकत नाही. आणि जे चाक रस्त्यावर टेकलेले नाही त्याला ब्रेक लावून काय उपयोग? म्हणून चाक विकत घेताना त्याच्या चकाकीबरोबर त्याचे वजनही विचारावे.

गिअरची मूठ : लाकडाची की धातूची?

१९९० साली जपानमध्ये या गाडीची 'व्ही-स्पेशल' नावाची आवृत्ती निघाली. तिच्यात कारखान्यातूनच लाकडी स्टिअरिंग आणि गिअरची लाकडी मूठ येत असे. काही मालक त्याऐवजी ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची चकचकीत मूठ बसवतात.

छप्पर उघडे ठेवून गाडी उन्हात उभी केली, आणि दोन्ही प्रकारच्या मुठींचे तापमान सारखेच, समजा ५५ अंश सेल्सिअस झाले. हात कोणत्या मुठीला पोळेल? तापमान सारखे, म्हणून चटकाही सारखा, असे वाटते. परंतु ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता लाकडाच्या हजारपटींहूनही जास्त आहे. धातूच्या आतील उष्णता झपाट्याने हाताकडे धाव घेते. लाकडात मात्र पृष्ठभागाची थोडीशी उष्णता हाताला मिळते आणि आतली तेथेच अडकून राहते. आईच्या स्वयंपाकघरातील कढईच्या दांड्याला लाकडी मूठ का असते, हे आता सांगायला नको.

स्टिअरिंग : येथे मात्र थांबा!

शर्यतीच्या गाडीसारखे दिसावे म्हणून पुष्कळजण लहान व्यासाचे स्टिअरिंग बसवतात. ३७ सेंटिमीटर व्यासाच्या जागी ३२ सेंटिमीटरचे बसवले असे समजू. गाडी वळवण्यासाठी लागणारे परिबल, म्हणजे बल × त्रिज्या, तेवढेच राहते. त्रिज्या कमी झाली म्हणून हाताला ३७/३२ पट, म्हणजे सुमारे १६ टक्के जास्त बल लावावे लागते. त्याच्या बदल्यात हाताला अंतर कमी कापावे लागते. हा तरफेचाच हिशेब आहे, आणि त्यात भय वाटण्यासारखे काही नाही.

भय आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. पुष्कळ गाड्यांच्या स्टिअरिंगच्या मध्यभागी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, घडी करून ठेवलेली असते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या एमएक्स-५ मध्ये ती प्रारंभापासून होती. टक्कर झाली की ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. सुंदर लाकडी स्टिअरिंग बसवण्यासाठी मूळ स्टिअरिंग काढले, की ही पिशवीही गेली.

तिचे मोल किती? साधे गणित करू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. v² = २as या सूत्रावरून, डोके कठीण वस्तूवर आपटून ५ सेंटिमीटरमध्ये थांबले तर अवत्वरण सुमारे १९३० मीटर प्रति सेकंद वर्ग येते. हे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ २०० पट झाले. तेच डोके ३० सेंटिमीटर अंतरात थांबले तर अवत्वरण ३३ पटींवर येते. सीटचा पट्टा आणि हवेची पिशवी मिळून हेच करतात : थांबण्याचे अंतर वाढवतात. प्रत्यक्ष अपघात या गणिताहून गुंतागुंतीचा असतो, पण तत्त्व हेच. पुष्कळ नव्या गाड्यांत आसनाच्या कडेलाही अशी पिशवी असते. अशा आसनावर साधे घट्ट कव्हर चढवले तर पिशवीची वाट अडू शकते.

डॅशबोर्ड आणि काचा

डॅशबोर्ड बहुधा काळसर आणि बिनचकाकीचा का असतो? समोरची काच तिरपी असते आणि ती आरशाप्रमाणे थोडा प्रकाश परावर्तित करते. डॅशबोर्डवर पांढरे आवरण घातले किंवा त्याला चकाकी आणली, तर त्याची प्रतिमा काचेत, म्हणजे नेमकी रस्त्यावर, पडलेली दिसते. त्या धूसर प्रतिमेत रस्ता ओलांडणारे एखादे मूल हरवून जाऊ शकते.

काचांवरील काळ्या पडद्यांचेही तसेच. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश पार जायला हवा. बाजूची काच ७० टक्के प्रकाश सोडणारी आहे आणि तिच्यावर ५० टक्के प्रकाश सोडणारा पडदा चिकटवला, तर पार जाणारा प्रकाश ०.७० × ०.५० = ०.३५, म्हणजे फक्त ३५ टक्के. येथे टक्क्यांचा गुणाकार होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

करून पाहा

१. वहीच्या आकाराची काच टेबलावर तिरपी धरा. तिच्याखाली आधी काळा आणि मग पांढरा कागद ठेवून पलीकडची वस्तू पाहा. फरक नोंदवा. काचेच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून त्यांना कागदी पट्टी चिकटवा.

२. सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाच्या कडेला, समोरासमोर, दोन सारखी लहान वजने घट्ट बांधून पायडलने चाक हळूहळू फिरवा. नंतर तीच वजने आसाजवळ बांधा. चाकाला गती देणे केव्हा सोपे गेले? बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा.

३. तुमच्या घरच्या स्कूटरच्या टायरवरील आकडे वाचून चाकाचा व्यास काढा आणि पट्टीने मोजून पडताळा पाहा.

मित्रहो, आवडीने वस्तू नटवण्यात वावगे काहीच नाही. मात्र कोणतीही नवी वस्तू बसवण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा : हिच्यामुळे वस्तुमान कोठे वाढते? डोळ्यांपर्यंत येणारा प्रकाश बदलतो का? आणि धक्का बसला तर शरीर किती अंतरात थांबेल? सायकलला नवी मूठ बसवतानाही हे प्रश्न लागू पडतात. उत्तरे समाधानकारक आली, तर खुशाल हौस भागवा!