उपग्रहाची वीज आणि अवकाशातील कसोटी

भारताचा पहिला उपग्रह ‘आर्यभट्ट’ १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाच्या साहाय्याने कक्षेत गेला. ३६० किलोग्रॅम वजनाच्या या उपग्रहावरील वैज्ञानिक प्रयोग वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे चारच दिवसांनी थांबले. वीज गेली की उत्तमातील उत्तम उपकरणही निरुपयोगी ठरते, आणि तेथे दुरुस्तीसाठी कोणास पाठविता येत नाही.

सुमारे ३५० किलोमीटर उंचीवरील उपग्रह दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करतो. त्यांपैकी अर्धा तास किंवा थोडा अधिक काळ तो पृथ्वीच्या छायेत असतो. उन्हात सौरघटांनी बॅटरी भारावयाची, छायेत तिच्यावर निर्वाह करावयाचा, असे हे चक्र वर्षातून साडेपाच हजारांहून अधिक वेळा चालते. शेतावरील सौरपंप रात्री बंद ठेवता येतो. उपग्रहास ती सवलत नाही.

यास्तव नव्या वीजसाधनाची परीक्षा लहान, अल्पखर्ची वाहनावर घेणे श्रेयस्कर. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने सोडलेला ‘व्हॅन्गार्ड-१’ जेमतेम दीड किलोग्रॅमचा होता. त्याचा बॅटरीवरील प्रक्षेपक जून १९५८ मध्ये मुका झाला. सौरघटांवरील प्रक्षेपक मात्र मे १९६४ पर्यंत बोलत राहिला. उपग्रहांवर सौरघट का आले, हे विद्यार्थ्यांस सांगण्यास यापरते सोपे उदाहरण नाही.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेने याच हेतूने एक काटकसरीचा मार्ग काढला आहे. पीएसएलव्ही अग्निबाणाचा चौथा टप्पा काम संपताच टाकाऊ ठरतो. त्यासच सौरपत्रे व बॅटरी जोडून प्रयोगांचे व्यासपीठ बनविण्यात आले. त्याचे नाव ‘पोएम’. १ जानेवारी २०२४ रोजीच्या उड्डाणानंतर ‘पोएम-३’ वर दोन वीजसाधनांची चाचणी झाली.

पहिले साधन इंधनघट. यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून, काहीही न जाळता, थेट वीज मिळते. मागे उरते ते पाणी. मानवी मोहिमेत हे पाणीही उपयोगी पडेल. परंतु जमिनीवर ते वजनाने खाली निथळते, भारहीन अवस्थेत निथळत नाही व घटातच साचू शकते. ही अडचण भूमीवरील प्रयोगशाळेत पूर्णपणे पारखता येत नाही. अल्पकाळाच्या या चाचणीत १८० वॉट वीज निर्माण झाली. छताचे दोन पंखे चालावेत एवढीच ती असली, तरी तिचे मोल पंख्यांत मोजावयाचे नाही.

दुसरे साधन म्हणजे ऋणाग्रात ग्रॅफाइटसह सिलिकॉन वापरलेली लिथियम-आयन बॅटरी. सिलिकॉन अधिक वीज साठविते, पण भारताना फुगते व कालांतराने भंगते, म्हणून त्याचे प्रमाण बेतानेच ठेवावे लागते. प्रचलित घटांत किलोग्रॅममागे १५७ वॉट-तास ऊर्जा मावते, तर या घटांत १९०. वजनातील ही बचत उपकरणांच्या कामी येते.

‘पोएम-३’ ची कक्षा सुमारे ३५० किलोमीटरपर्यंत मुद्दामच खाली आणली होती. २१ मार्च २०२४ रोजी ते उत्तर पॅसिफिक महासागरावर वातावरणात शिरले. कक्षेत त्याचा कचरा उरला नाही.