निर्जन किनारा रिकामा नसतो

समुद्र पाहायचा म्हटलं की आपण कुठं जातो? जुहूला, नाही तर गणपतीपुळ्याला. तिथं जत्रेसारखी गर्दी असते. पण आपल्या महाराष्ट्राचा किनारा ७०० किलोमीटरहून लांब आहे. त्यावर कितीतरी पुळणी अशा आहेत, की तिथं फारसं कोणी जात नाही. पुळण म्हणजे समुद्राकाठची वाळूची जागा.

अशीच एक पुळण आम्ही पाहिली. गावाचं नाव वेळास. रत्नागिरी जिल्हा, मंडणगड तालुका. सावित्री नदी समुद्राला मिळते, तिथं बाणकोटचा किल्ला आहे. त्याच्या जवळच हे गाव.

किनाऱ्यावर गेलो. एकीकडे सुरूची झाडं, एकीकडे समुद्र. मधे नुसती वाळू. आम्ही म्हणालो, "इथं तर कोणीच नाही!"

बरोबरचे गावकरी हसले. म्हणाले, "कोणी नाही कसं? वाळूत पोरं निजलीत की!"

ही पोरं कासवांची, बरं का! थंडीच्या दिवसांत कासवीण रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा खणते. त्यात १०० च्या आसपास अंडी घालते. वाळूनं खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. त्या अंड्यांकडे ती पुन्हा फिरकत नाही. वाळूच्या उबेनं दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर पडतात आणि पाण्याकडे धावतात.

पूर्वी लोक ही अंडी उकरून नेत. कोणी खाई, कोणी विकी. उरलेली कोल्ही-कुत्री खात. मग २००२ साली चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था इथं काम करू लागली. गावकऱ्यांना तिचं म्हणणं पटलं. आता अंडी सापडली की ती जपून उचलतात. जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल पुरतात. पिल्लं निघाली की समुद्राच्या वाटेवर सोडतात.

हे पाहायला लांबून माणसं येतात. गावातल्याच घरांत उतरतात, जेवतात. घरच्या बायांच्या हाताला काम मिळतं. अंडी विकली तर पैसा एकदाच मिळतो. अंडी राखली तर दरवर्षी मिळतो.

पण एक काळजी आहे. कासविणीला निवांत, अंधारी जागा लागते. गोंगाट झाला, दिवे दिसले, तर ती अंडी न घालताच परत फिरते. पिल्लंही उजेडाच्या मागं लागून वाट चुकतात. किनाऱ्यावर झगमगाट झाला, तर ज्यासाठी माणसं येतात तेच नाहीसं होईल.

म्हणून अशा किनाऱ्यावर जरूर जावं, पण पाहुण्यासारखं जावं. रात्री बॅटरी पाजळू नये. वाळूत गाडी घालू नये. कचरा टाकू नये. अंड्यांना हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

विचार करा :
१. अंडी विकण्यापेक्षा राखण्यात गावाचा फायदा कसा झाला?
२. आपल्या गावाजवळ राखण्यासारखी कोणती जागा आहे?