क्रेनची रोजकीर्द

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने क्रेनच्या देखभालीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु कारखान्यातील देखभालीचा निम्मा भाग यंत्राचा असला, तरी उरलेला निम्मा हिशेबनिशीचा आहे, असे माझे मत झाले आहे. ते कसे, हे येथे थोडक्यात मांडतो.

माझे गाव तिगाव. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे हे एक लहानसे स्टेशन. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आले. राज्य मध्य प्रदेश, कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी. आमचा मुलूख संत्र्यांचा. पण सौंसर तालुक्यात बोरगावला औद्योगिक वसाहत झाल्यापासून शेतकऱ्यांची मुलेही पाळीवर जाऊ लागली. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्या भागातल्या एका कारखान्यात क्रेन चालवतो. सुट्टीत त्याच्याकडून समजून घेतलेल्या गोष्टींना वाचनाची जोड देऊन हा लेख लिहिला आहे.

क्रेनची ओळख

शेडच्या दोन्ही बाजूंना उंचावर रूळ असतात. त्यांवरून आडवा गर्डर शेडच्या लांबीच्या दिशेने धावतो. गर्डरवरची ट्रॉली शेडच्या रुंदीत सरकते आणि ट्रॉलीवरचा ड्रम तारेचा दोर गुंडाळून वजन उचलतो. अशा तीन हालचाली मिळून शेडमधील जवळजवळ कोणत्याही जागी वजन नेता येते. येथे ब्रेकची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. मोटारगाडीत पाय दाबला की ब्रेक लागतो. क्रेनच्या उचल-मोटरीचा ब्रेक स्प्रिंगच्या जोराने नेहमी लागलेलाच असतो आणि वीज मिळाली की सुटतो. त्यामुळे वीज गेली तरी वजन जागच्या जागी राहावे, अशी योजना असते. मात्र ब्रेकचे अस्तर झिजले असेल, तर ही योजना निरुपयोगी ठरते.

रोजची तपासणी

पाळी सुरू होताना चालकाने करावयाच्या गोष्टी साधारणपणे अशा :

१) मागच्या पाळीने वहीत काय लिहिले आहे ते वाचणे. क्रेनवर कोणी दुरुस्तीला चढलेले नाही, रुळांवर अवजार विसरलेले नाही, याची खात्री करणे.

२) दोर पाहणे. तुटलेल्या तारा, उकललेला पीळ, चपटा झालेला किंवा गंजलेला भाग शोधणे. दोर ड्रमच्या खोबणीत नीट बसला पाहिजे. आकडा अगदी खाली असतानाही ड्रमवर निदान दोन वेढे शिल्लक असावेत. चालत्या दोराला हात लावू नये.

३) आकडा पाहणे. त्याचे तोंड फाकले आहे का, तो पिळला आहे का, भेग दिसते का, स्लिंग निसटू न देणारी खिट्टी जागेवर आहे का? झीज मूळ जाडीच्या दहा टक्क्यांहून अधिक झाली असेल, तर आकडा बाद करावा.

४) रिकामा आकडा सावकाश वर नेऊन लिमिट स्विच मोटर बंद करतो की नाही, हे पाहणे. हा स्विच शेवटचा पहारेकरी आहे. रोजच्या कामात क्रेन थांबवण्यासाठी त्याचा उपयोग करू नये.

५) प्रत्येक बटण आपली दिशा पाळते का, घंटा वाजते का, आणीबाणीचे बटण क्रेन थांबवते का, हे तपासणे.

६) पहिले जड वजन जमिनीपासून वीतभर उचलून थांबवणे. ते खाली सरकले, तर काम बंद.

या सगळ्याला दादाच्या हिशेबाने पंधरा मिनिटे लागतात.

रोजकीर्द आणि लेखापरीक्षण

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचे २९ वे कलम उचल-यंत्रांसाठीच होते. यंत्रावर सुरक्षित भार स्पष्ट लिहावा, त्याहून अधिक उचलू नये, बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी करून तिची नोंद ठेवावी, रुळाजवळ माणूस काम करीत असेल तर क्रेन सहा मीटरच्या आत येऊ नये, असे त्यात सांगितले होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे.

आपल्या भाषेत बोलायचे, तर वार्षिक तपासणी म्हणजे लेखापरीक्षण आणि रोजची तपासणी म्हणजे रोजकीर्द. वर्षभर रोजकीर्दच लिहिली नसेल, तर लेखापरीक्षक मार्चमध्ये येऊन काय करणार? दोराची तार तुटते ती एखाद्या मंगळवारी. परीक्षकाच्या तारखेची ती वाट पाहत नाही.

पण वही असणे आणि वही खरी असणे यांत अंतर आहे. दादाने पूर्वी काम केलेल्या एका ठिकाणी आठवड्याच्या सगळ्या खुणा शनिवारी एकाच बैठकीत होत. पावतीवाचून केलेल्या नोंदीला आपण खोटी नोंद म्हणतो. न पाहता केलेली खूण त्याच जातीची. फरक इतकाच, की तिचा भुर्दंड वजनाखाली उभ्या असलेल्या माणसाला पडतो. त्याच ठिकाणी दादाने एकदा ‘ब्रेक सरकतो’ असे लिहून क्रेन थांबवली. बाहेर ट्रक खोळंबला आणि त्याला बोलणी खावी लागली. ब्रेक उघडल्यावर अस्तर झिजलेले निघाले.

१ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये भार-चाचणीच्या वेळी क्रेन कोसळून ११ जण दगावले. २०२३ च्या ऑगस्टच्या पहिल्याच पहाटे शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळले. त्यात २० जणांचे प्राण गेले. ही यंत्रे शेडमधल्या क्रेनहून वेगळी, प्रसंगही वेगळे. पण वजन वर असताना चूक सुधारायला वेळ मिळत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

देखभालीचा खर्च महसुली म्हणून नफा-तोटा पत्रकात दिसतो आणि म्हणूनच काटकसरीची कात्री प्रथम त्यावर चालते. टळलेला अपघात मात्र कोणत्याच खात्यात जमा होत नाही.

एक सूचना

दादाची तपासणी-यादी इंग्रजीत छापलेली, साहेबांच्या सूचना हिंदीत आणि आकड्याखालची माणसे मराठी बोलणारी. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांत रसरशीत लोखंडाचे पात्र उचलले जाते, तेथे मराठी आणि कन्नड बोलणारे हात एकत्र काम करतात. आपल्या अंकाला जर दोन विभाग असू शकतात, तर तपासणीच्या यादीला का नसावेत? मी दादासाठी यादीचे मराठी करून दिले आहे. कन्नड विभागातील मित्रांनी ती कन्नडमध्ये उतरवावी, ही विनंती. आणि पुढच्या औद्योगिक सहलीत आपण ताळेबंदाबरोबर क्रेनची वहीही पाहायला मागू या. तीत एखाद्या दिवशी ‘काम बंद ठेवले’ असे लिहिलेले सापडले, तर ती वही खरी असण्याचा संभव अधिक आहे.