वजनदार जुने स्पीकर दूरगावाहून मागवताना

जुन्या स्पीकरच्या व्यवहारात सगळी चर्चा आवाजाची आणि किमतीची होते. पॅकिंगचा विषय निघतो तो शेवटी, पैसे पोचल्यावर. माझ्या अनुभवाने सांगतो, तो आधी काढा.

मी कोलकात्याहून पुण्याला एआर-3ए ची जोडी मागवली. 1967 साली आलेलं हे अमेरिकन मॉडेल: पूर्ण बंद पेटी, 12 इंची वूफर, एकेकाचं वजन 24 किलोच्या आसपास. विकणाऱ्याने व्हिडिओ कॉलवर दोन्ही वाजवून दाखवले, सुंदर वाजत होते. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्रं कोंबून त्याने ते ट्रान्सपोर्टला दिले. पुण्याच्या गोदामात खोक्याचा एक कोपरा तेवढा चेपलेला दिसला, लाकडावर ओरखडाही नव्हता. घरी जाळी काढली आणि चार बोटांनी कोन सारखा आत दाबला, तर एका वूफरमध्ये खरखर. आपटल्यामुळे मागचं चुंबक सरकलं होतं आणि कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत घासत होती. कोनाभोवतीची फोमची कड कुजली तर नवी बसवता येते (आपल्या दमट किनारपट्टीवर ती लवकरच कुजते). सरकलेलं चुंबक पुन्हा मधोमध आणणारा कारागीर मात्र शोधावा लागतो.

म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून पॅकिंगचं कबूल करून घ्या. प्लायवूडची पेटी हवी, प्रत्येक स्पीकरला वेगळी. सगळ्या बाजूंनी कडक फोमच्या जाड पट्ट्या. एवढ्या वजनाखाली बबल रॅप फुटून सपाट होतो, थर्माकोलचा भुगा होतो. पेटीला खाली दोन लाकडी पट्ट्या ठोकल्या की हमालाला हात घालायला जागा मिळते आणि तो ती आपटत नाही. जमत असेल तर वूफर काढून वेगळे पाठवायला सांगा.

तपासणीही दुरून होते. मल्टिमीटर लावून दाखवायला सांगा: 4 ओहमच्या वूफरला आकडा 4 च्या थोडा खाली दिसतो, काहीच दिसला नाही तर कॉइल तुटलेली. या मॉडेलच्या पाठीमागची दोन बटणं गंजतात आणि वरचे सूर गायब होतात. तेवढ्यावरून ट्वीटर जळाला असं समजू नका. बटणं साफ केली की बरेचदा सूर परत येतात.

आता बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालपावती. मालाची किंमत तिच्यावर लिहून घ्या, पण तेवढ्याने भागत नाही. रस्त्यावरच्या मालवाहतुकीच्या 2011 च्या नियमांप्रमाणे जादा जोखमीचा दर भरायचं कबूल केलं नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडं 1,500 असेल, तर 15,000 च्या वर काही मिळत नाही. दावा लावायचा तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. पेटी गोदामातच उघडा आणि तुटफूट दिसली तर सही करण्याआधी पावतीवर लिहा.

विकायची वेळ येते तेव्हा मी पेटीचा खर्च किमतीतच धरतो आणि पॅक करतानाचा व्हिडिओ घेणाऱ्याला पाठवतो. असे स्पीकर आता बनत नाहीत. एक जोडी वाटेत फुटली की ती कायमची गेली. विकणारा नीट पेटी करायला तयार नसेल आणि तुम्हाला स्वतः गाडी घेऊन जाणं शक्य नसेल, तर ती जोडी त्याच गावातल्या कुणाला तरी घेऊ द्या.